आकाशाची वाटणी आणि वैमानिकाचा परवाना

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री लंडनच्या घड्याळात अकराचे ठोके पडले, तेव्हा ब्रुसेल्समध्ये मध्यरात्र होऊन नवे वर्ष उजाडत होते. ब्रिटन युरोपीय संघातून कायद्याने बाहेर पडले ते त्याआधी अकरा महिने, ३१ जानेवारी २०२० रोजी. पण संसार मोडला तरी काही काळ एकाच छपराखाली राहावे, तसे जुने नियम वर्षअखेरपर्यंत चालू ठेवण्यात आले होते. त्या रात्री ती मुदतही संपली. सर्वत्र चर्चा चालली होती ती मासेमारीच्या हक्कांची, जकातीची आणि बंदरांवर खोळंबणाऱ्या मालमोटारींची. त्याच क्षणी वैमानिकांच्या हातातील एका कागदाचा अर्थ बदलला, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूला पडली.

ऑस्ट्रियात नोंदलेले विमान ब्रिटिश परवान्यावर चालवणारा एखादा वैमानिक डोळ्यांसमोर आणावा. ३१ डिसेंबरच्या दुपारी त्याने ते विमान व्हिएन्नाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवले, तेव्हा तो पूर्णपणे पात्र होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच परवान्यावर त्याच विमानाच्या त्याच आसनावर बसण्याचा अधिकार त्याला उरला नाही. रात्रीतून त्याची दृष्टी अधू झाली नव्हती, हात कापू लागला नव्हता, हजारो तासांचा अनुभव पुसला गेला नव्हता. बदलले होते ते एवढेच, की त्याच्या परवान्यावर ज्या राज्याचा शिक्का होता, ते राज्य घराबाहेर पडले होते.

राजकीय विभक्ततेचे बरेवाईट हिशेब इतिहास मांडीत राहील. ब्रिटनने बाहेर पडावे की नाही, हा तेथील मतदारांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर २३ जून २०१६ च्या सार्वमताने दिले गेले. परंतु दोन राज्ये विभक्त होताना त्यांनी एकत्र असताना माणसांना दिलेल्या प्रमाणपत्रांचे काय करावयाचे, हा प्रश्न ब्रिटनपुरता नाही. राज्ये यापुढेही जुळतील, फुटतील. दर वेळी गुणवत्तेची किंमत सामान्य माणसाने नव्याने मोजावी काय, याचा विचार पदवी आणि प्रमाणपत्र यांच्या आधारावर आयुष्य उभारणाऱ्या प्रत्येकाने करावा असा आहे.

परवान्यामागचे राज्य

वैमानिकाचा परवाना हा कौशल्याचा दाखला आहे, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धे खरे आहे. या परवान्यामागे एक राज्य उभे असते. या माणसाची परीक्षा आपण घेतली, त्याची प्रकृती तपासली, पुढेही वेळोवेळी तपासत राहू आणि काही चुकले तर परवाना काढून घेऊ, अशी हमी ते राज्य सर्व जगाला देत असते. परवाना म्हणजे त्या हमीची पावती होय.

आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीची सगळी इमारत या हमीवर उभी आहे. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच, ७ डिसेंबर १९४४ रोजी, शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता राहील, हे या कराराने पहिल्याच कलमात मान्य केले. आकाश सार्वभौमत्वाच्या अशा तुकड्यांत वाटले गेल्यावर एका देशाचे विमान दुसऱ्या देशात जावयाचे कसे? त्याचे उत्तर ३२ व्या आणि ३३ व्या कलमांत आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाजवळ, विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य ठरवलेला परवाना असला पाहिजे. आणि तो आंतरराष्ट्रीय किमान दर्जाला उतरणारा असेल तर इतर राष्ट्रांनी तो मानला पाहिजे. हा किमान दर्जा कोणता, हे कराराच्या पहिल्या परिशिष्टात आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने सविस्तर घालून दिले आहे. आज १९३ राष्ट्रे या संघटनेची सदस्य आहेत.

येथील मख्खी ‘विमान ज्या देशात नोंदलेले असेल’ या शब्दांत आहे. शिकागो कराराने विमान आणि वैमानिक ही जोडी मान्य केली. भारतीय परवान्याचा वैमानिक भारतात नोंदलेले विमान घेऊन पॅरिसला उतरला, तर फ्रान्स त्याला अडवणार नाही. परंतु तोच वैमानिक फ्रान्समध्ये नोंदलेले विमान चालवू म्हणेल, तर फ्रान्सने त्याचा परवाना ग्राह्य ठरवला पाहिजे. आणि तसे करण्याचे कोणतेही बंधन फ्रान्सवर नाही. जग वैमानिकाला पाहुणा म्हणून दारात घेते, घरच्या गाडीच्या किल्ल्या मात्र त्याच्या हाती सहजासहजी देत नाही.

म्हणूनच ब्रिटन संघाबाहेर पडल्याने लंडन आणि पॅरिस यांमधील विमाने बंद पडली नाहीत. ब्रिटिश विमाने ब्रिटिश परवान्यांवर उडत राहिली, युरोपीय विमाने युरोपीय परवान्यांवर. प्रवाशाला काही जाणवलेही नाही. ज्याला जाणवले, तो ब्रिटिश परवाना बाळगून युरोपीय विमान चालवणारा, किंवा पुढेमागे तशी नोकरी मिळेल या आशेवर शिकणारा माणूस होता.

सामाईक विहीर

महाराष्ट्रातील खेड्यांत भावाभावांची वाटणी होते, तेव्हा शेताचे तुकडे पडतात, गोठा वेगळा होतो, चूलही वेगळी होते. पण विहीर बहुधा सामाईक ठेवतात. तिचे तुकडे करता येत नाहीत. पाण्याच्या पाळ्या ठरवतात, आणि भाऊबंदकी कितीही विकोपाला गेली तरी शहाणी माणसे विहिरीत दगड टाकीत नाहीत. युरोपने विमानसुरक्षेची अशीच एक सामाईक विहीर मोठ्या कष्टाने खणली होती.

एकेकाळी युरोपातील प्रत्येक देशाचे परवाने निराळे होते. नियम सारखे व्हावेत म्हणून तेथील विमानवाहतूक खात्यांनी आधी आपापसांत सहकार्याची व्यवस्था केली. परंतु ती व्यवस्था सल्लामसलतीची होती. एकत्र बसून ठरवलेले नियम घरी जाऊन प्रत्येक देश आपापल्या सोयीने अमलात आणी. हा घोळ संपवण्यासाठी २००२ मध्ये कायदा करून युरोपीय विमानसुरक्षा संस्था स्थापन करण्यात आली आणि जर्मनीतील कोलोन येथे तिचे ठाणे पडले. पुढे २०११ च्या नियमावलीने वैमानिकांचे परवानेही एकाच साच्यातून काढण्याचे ठरले. अभ्यासक्रम एक, वैद्यकीय तपासणीचे निकष एक, प्रश्नांचा साठाही सामाईक. परवाना आयर्लंडने दिला काय किंवा ग्रीसने दिला काय, तो सर्व सदस्य देशांत चालू लागला. या घडणीत ब्रिटनचा वाटा मोठा होता. विमानविद्येचा दीर्घ अनुभव असलेले त्याचे तज्ज्ञ नियम लिहिण्याच्या कामी पुढे होते.

ही विहीर संघाच्या सदस्यांपुरती राखीव होती, असेही नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे देश युरोपीय संघात नाहीत, तरी विमानसुरक्षा संस्थेत आहेत. त्यांना तेथे मताचा अधिकार नाही, पण त्यांचे परवाने चालतात. ब्रिटनलाही असा मार्ग शोधता आला असता. पंतप्रधान थेरेसा मे यांनी २ मार्च २०१८ च्या लंडनमधील भाषणात विमानसुरक्षा संस्थेशी सहयोगी नाते ठेवण्याची इच्छा उघडपणे बोलून दाखवली होती. परंतु त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या बोरिस जॉन्सन सरकारच्या दृष्टीने युरोपीय न्यायालयाची सत्ता कोणत्याही रूपात शिल्लक राहणे हे स्वातंत्र्याशी विसंगत होते. संस्थेत राहिले तर नियमांचा अखेरचा अर्थ लावणारे न्यायालय तेच राहणार. त्यामुळे मार्च २०२० मध्ये वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी ब्रिटन या संस्थेतूनही बाहेर पडेल असे जाहीर केले. विहिरीच्या पाण्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती; पाळ्यांचा तंटा कोणी मिटवायचा, एवढ्यावर फाटले.

यंत्र ओळखीचे, माणूस परका

पुढे जे घडले त्यात विसंगतीचा कळस दिसतो. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्यात व्यापार व सहकार्याचा करार ठरला तो २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे मुदत संपण्यास आठवडाच उरला असताना. त्यात विमानसुरक्षेवर स्वतंत्र प्रकरण आहे. या प्रकरणाला जे परिशिष्ट जोडले गेले ते विमाने, इंजिने आणि सुटे भाग यांच्या उड्डाणयोग्यतेच्या व पर्यावरणविषयक प्रमाणपत्रांपुरते होते. वैमानिकांचे परवाने व प्रशिक्षण हा विषय, पुढे परिशिष्टे जोडता येतील अशा विषयांच्या यादीत नोंदवून ठेवण्यात आला.

याचे कारण उघड आहे. एअरबस विमानांचे पंख वेल्समधील ब्रॉटन येथे तयार होतात आणि जोडणीसाठी तुलूझसारख्या ठिकाणी जातात. हा व्यवहार अडणे लंडनलाही परवडणारे नव्हते, पॅरिसलाही नव्हते. जेथे कारखानदारी आणि भांडवल गुंतले होते, तेथे वाटाघाटींना वेळ सापडला. पंख बनवणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या मागे उद्योग उभे होते. ते पंख आकाशात पेलून धरणाऱ्या माणसाच्या मागे कोणी नव्हते.

ब्रिटनने आपल्या बाजूने युरोपीय परवाने ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत, दोन वर्षे, मान्य ठेवले. हे औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. आपली हवाई वाहतूक अडू नये, ही गरजही त्यात होती. युरोपीय संघाने मात्र तशी कोणतीही मुदत दिली नाही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश परवाना त्याच्या लेखी कोणत्याही तिऱ्हाईत देशाच्या परवान्यासारखा झाला. युरोपीय विमान नेहमीसाठी चालवावयाचे, तर व्यावसायिक वैमानिकाने युरोपीय परवाना नव्याने मिळवावा: लेखी परीक्षेचे तेरा-चौदा विषय, प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. आणि हे सारे अशा वेळी, की ब्रिटनने युरोपीय विमाननियम आपल्या कायद्यात जवळजवळ शब्दशः उतरवून घेतले होते. खाडीच्या दोन्ही तीरांवर पुस्तक तेच, प्रश्न तेच. पण एका तीरावर दिलेली उत्तरे दुसऱ्या तीरावर अमान्य.

संकट अचानक आले, असे कोणी म्हणू शकणार नाही. ज्यांना दूरदृष्टी आणि साधने होती, त्यांनी सोय करून ठेवली. ईझीजेट या ब्रिटिश कंपनीने जुलै २०१७ मध्येच व्हिएन्ना येथे दुय्यम कंपनी स्थापून आपली अनेक विमाने ऑस्ट्रियात नोंदवली. उलट बाजूने रायनएअर आणि विझ एअर यांनी ब्रिटनमध्ये आपल्या शाखा-कंपन्या काढल्या. कंपनीला दोन घरे करता येतात. वैमानिकांनाही वर्षअखेरपूर्वी आपला परवाना आयर्लंड, ऑस्ट्रिया अशा एखाद्या देशाकडे वर्ग करून घेण्याची मुभा होती आणि अनेकांनी ती वापरली. परंतु २०२० हे महामारीचे वर्ष होते. विमाने जमिनीवर उभी होती, हजारो वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या किंवा टांगणीला लागल्या होत्या. उद्या नोकरी कोणत्या देशात मिळेल हे ज्याला ठाऊक नाही, त्याने परवाना कोणत्या देशाकडे वर्ग करावा? युरोपीय नियमांखाली एका वेळी एकाच देशाचा परवाना बाळगता येतो. ज्याने तो युरोपकडे नेला, त्याला ब्रिटनमध्ये परक्या परवान्याच्या मुदतीवर जगणे भाग पडले. ज्याने तो ब्रिटनमध्ये ठेवला, त्याला युरोपचे दार बंद झाले.

सर्वांत बिकट अवस्था झाली ती शिकणाऱ्यांची. ब्रिटनमध्ये व्यावसायिक वैमानिकाचे पूर्ण प्रशिक्षण एक लाख पौंडांच्या घरात जाते. घर गहाण टाकून किंवा कर्ज काढून ज्यांनी हे शिक्षण सुरू केले होते, त्यांना सत्तावीस देशांपेक्षा अधिक ठिकाणी चालणारा परवाना मिळणार होता. अभ्यासक्रम अर्ध्यावर असताना त्यांच्या पदरात पडणार होता तो एका देशाचा परवाना. दोन्ही बाजूंच्या नोकऱ्यांना पात्र राहण्यासाठी एकाच अभ्यासाची परीक्षा दोनदा द्यावी, असा प्रघात पडला. या दुहेरी खर्चाने आणि श्रमाने एकही उड्डाण अधिक सुरक्षित झाले नाही.

संशयालाही आधार असतो

युरोपीय संघाची बाजू एवढ्यावरून झटकून टाकणे न्याय्य होणार नाही. परवाना ही हमी असेल, तर हमी देणाऱ्यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार असल्याखेरीज ती स्वीकारणे धोक्याचे असते. संस्थेतील सदस्य देशांच्या विमानवाहतूक खात्यांची कोलोनहून नियमित तपासणी होते. ब्रिटनने ती तपासणी नाकारली. नियमपुस्तक आज तेच असले तरी उद्या ते बदलण्याचे स्वातंत्र्य हाच तर बाहेर पडण्याचा हेतू होता. मग उद्याच्या परवान्यांची जबाबदारी आज कोणी घ्यावी?

अशा जबाबदारीत हयगय झाली म्हणजे काय होते, हे त्याच वर्षी जगाने पाहिले. २२ मे २०२० रोजी पाकिस्तानच्या राष्ट्रीय कंपनीचे विमान कराचीत विमानतळाजवळच्या वस्तीवर कोसळले आणि विमानातील ९९ पैकी ९७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जूनमध्ये तेथील विमानवाहतूकमंत्र्यांनी संसदेतच सांगितले, की देशातील ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपीय संस्थेने १ जुलैपासून त्या कंपनीला युरोपात येण्यास मनाई केली; ती उठण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडला. प्रामाणिकपणे परीक्षा देऊन परदेशात नोकरी करणारे पाकिस्तानी वैमानिकही या एका विधानाने संशयाच्या छायेत आले. भारतालाही या बाबतीत बोट दाखवता येणार नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवल्याची प्रकरणे येथेही उघडकीस आली आणि वैमानिकांना अटक झाली. राज्याची हमी खोटी ठरली, की तिच्यावर विसंबणारा प्रत्येक जण बुडतो.

म्हणून परक्या परवान्याची कसून छाननी करण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला असलाच पाहिजे. परंतु हा युक्तिवाद १ जानेवारी २०२१ नंतर दिलेल्या परवान्यांना लागू पडतो. त्याआधीचे परवाने युरोपच्या नियमांनी, युरोपच्या देखरेखीखाली, युरोपच्या प्रश्नसाठ्यातून परीक्षा घेऊन दिलेले होते. त्यांच्याविषयी शंका घेणे म्हणजे युरोपने आपल्याच तपासणीवर शंका घेणे होय. तशी शंका कोणी घेतलीही नाही. बाहेर पडणाऱ्याला आतले लाभ मिळता कामा नयेत, ही राजनीतीची भूमिका होती, आणि वाटाघाटीच्या पटावर ती समजण्यासारखी आहे. परंतु राजनीतीचा निर्णय सुरक्षेच्या नावाने खपवला जातो, तेव्हा सुरक्षेच्या नियमांचीच प्रतिष्ठा कमी होते. ब्रिटनचा दोषही लहान नाही. न्यायालयाचे नाव नको म्हणून, आपल्याच नागरिकांच्या हातात आधीपासून असलेला हक्क त्याने डोळ्यांदेखत गमावू दिला.

वाटण्यांचे जुने अनुभव

भारतीय उपखंडाला असल्या वाटण्या नव्या नाहीत. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो देणाऱ्या संस्थेचे नाव होते ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हा तो प्रवास एकाच कायद्याच्या छायेत झाला. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला, १९४७ मध्ये कराची परदेशात गेली. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्याने जुने कायदे दोन्ही देशांत चालू ठेवले. त्यामुळे १९३४ चा विमानविषयक कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिला. पण पुस्तक एक असणे म्हणजे विश्वास एक असणे नव्हे, हे उपखंडाने तेव्हापासून अनुभवले आहे. भारताने तो जुना कायदा बाजूला सारून भारतीय वायुयान अधिनियम लागू केला, तो १ जानेवारी २०२५ रोजी.

आफ्रिकेचा धडा याहून बोलका आहे. केनिया, टांझानिया आणि युगांडा या तीन देशांनी पूर्व आफ्रिका संघ करून विमान कंपनीसुद्धा एकत्र चालवली. १९७७ मध्ये संघ फुटला आणि कंपनीही बुडाली. पुढे २००० मध्ये संघाचे पुनरुज्जीवन झाले, आणि २००७ मध्ये या देशांना विमानसुरक्षेवर देखरेख करणारी सामाईक संस्था युगांडातील एंटेबे येथे पुन्हा उभारावी लागली. जी विहीर बुजवली, तीच तीस वर्षांनी नव्याने खणावी लागली. याउलट सोव्हिएत संघराज्य डिसेंबर १९९१ मध्ये कोसळले, तेव्हा त्यातून निघालेल्या बहुतेक प्रजासत्ताकांनी त्याच महिन्यात करार करून विमानवाहतुकीसाठी आंतरराज्य समिती नेमली. त्या समितीच्या कारभारावर पुढे टीका पुष्कळ झाली. पण राज्य मोडत असताना आकाशाची व्यवस्था अधांतरी ठेवू नये, एवढे भान त्या धामधुमीतही राखले गेले.

भारतात १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे आणि मध्य प्रदेशातील विदर्भाचे शिक्षक व कारकून एका रात्रीत मुंबई राज्याचे नोकर झाले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात त्यांच्यासाठी तरतूद होती, की केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा रीतीने बदलता येणार नाहीत. ज्येष्ठतेचे वाद पुढे न्यायालयांत रेंगाळले हे खरे. तरी नकाशा बदलताना माणसाचे मिळवलेले हक्क राखले पाहिजेत, हे तत्त्व कायद्याच्या अक्षरांत आले. येथे दोन्ही बाजूंच्या डोक्यावर एक केंद्र सरकार आणि एक सर्वोच्च न्यायालय होते. ब्रिटन व युरोप यांना असा सामाईक पंच उरला नाही. परंतु पंच नसेल तर तो नेमावा. पंच नाही म्हणून हक्कच बुडवावेत, असा न्याय कोठे नाही.

दार अजून लोटलेले आहे

यातून निघणारा मार्ग अवघड नाही. पहिली गोष्ट, विभक्ततेच्या दिवसापर्यंत सामाईक नियमांखाली मिळवलेली प्रमाणपत्रे, धारकाची नियमित चाचणी व वैद्यकीय तपासणी चालू आहे तोवर, दोन्ही बाजूंनी मान्य करावीत. यात कोणाच्या सार्वभौमत्वाला बाध येत नाही, कारण ती प्रमाणपत्रे देताना दोघांचेही सार्वभौमत्व एकत्र नांदत होते. दुसरी गोष्ट, नंतरच्या परवान्यांसाठी दोन्ही विमानवाहतूक खात्यांनी एकमेकांची तपासणी करण्याचा हक्क मान्य करावा आणि जेथे नियम वेगळे झाले असतील तेवढ्याच भागाची परीक्षा घ्यावी. मतभेद झाले तर ते तज्ज्ञांच्या संयुक्त समितीपुढे न्यावेत. शिकागो कराराच्या ८४ व्या कलमाने राष्ट्राराष्ट्रांतील वाद आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेपुढे नेण्याची सोय तर १९४४ पासूनच करून ठेवली आहे. न्यायालय लंडनचे की लक्झेंबर्गचे, हा हट्ट येथे अनाठायी आहे.

यासाठी नवा करारही लागत नाही. २०२० च्या करारातील विमानसुरक्षेच्या प्रकरणात वैमानिकांच्या परवान्यांचे परिशिष्ट जोडण्याची जागा मोकळी आहे. दार बंद केलेले नाही, लोटलेले आहे.

भारताने हा विषय दूरचा समजू नये. दरवर्षी अनेक भारतीय तरुण वैमानिक होण्यासाठी परदेशी जातात. काही गोंदिया, बारामती अशा ठिकाणी शिकतात. परदेशी परवाना घेऊन परतलेल्याला येथे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देऊन तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्या छाननीला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र परदेशी शिक्षणासाठी जमीन विकणाऱ्या किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडणाऱ्या पालकाला ब्रिटनचे उदाहरण एवढे सांगते, की परवान्यावरील शिक्क्याची किंमत आकाशात ठरत नाही, ती राज्याराज्यांमधील करारांत ठरते. असे करार करताना व मोडताना त्या मेजाभोवती वैमानिक, शिक्षक, परिचारिका यांच्यापैकी कोणी बसलेले नसते. ज्यांना बसावयास मिळते, त्यांनी सुट्या भागांइतकी तरी माणसाची आठवण ठेवावी. भाऊ वेगळे राहोत. विहिरीवरचा रहाट दोघांनाही लागणार आहे.